तांडेलचा नंबर

आमच्या माहेरी एक गोष्ट कधी कमी पडली नाही, ती म्हणजे ताठा. मासळी कमी पडली, बर्फ कमी पडला, डिझेल तर कायमच कमी पडलं, पण ताठा घरात भरून उरलेला. माझे बाबा, वामन तांडेल, सातपाटीच्या बंदरावरून चालत निघाले की बघणाऱ्याला वाटावं, हा समुद्र यांनीच भरून ठेवलाय. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. जायचं कुठे, जाळं टाकायचं कुठे, परत फिरायचं कधी, हे तो ठरवतो आणि खलाशी ऐकतात. बाबांचं सगळ्यांनी इतकी वर्षं ऐकलं की कधीमधी आपणही कुणाचं ऐकायचं असतं, हे ते विसरूनच गेले.

ही तक्रार नाही हं. ते ताठ नाक माझ्याही तोंडावर आहे आणि मला त्याचा अभिमानच आहे. मी जागृती, त्यांची थोरली. लग्न होऊन बेटेगावला आले तेव्हा इथल्या बायकांनी विचारलं, तुझे वडील काय करतात? मी 'मासेमारी' असं सांगितलं नाही. 'तांडेल आहेत' असं सांगितलं, आणि त्यांना ते कळलं नाही तेव्हा बसून समजावलं.

तर या तांडेलचा गुडघा गेला. पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागल्यावर पालघरला ऑपरेशन केलं. सातपाटीच्या घराचा जिना म्हणजे सरळ शिडीच, म्हणून बाबांना मी माझ्याकडे आणलं. आमचं घर तळमजल्यावर, व्यायाम शिकवणारा बोईसरहून घरी येणार. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, चालता येईल, पण बोटीवर चढायचं आता विसरा.  बाबांनी डॉक्टरकडे फक्त बघितलं, खलाशी चुकीच्या वेळी काही बोलला की बघायचे तसं.

डॉक्टरांच्या आधी हेच माझ्या भावाने सांगून झालं होतं, आणि तिथेच सगळं बिघडलं. मे महिन्यात शेवटची फेरी करून बोट परत आली, बाबांना फळीवरून उतरता येईना, तेव्हा धर्मेश सगळ्या खलाशांच्या देखत म्हणाला, "बाबा, आता तुमी घरी बसा. बोट मी बघतो." पोटात माया होती म्हणूनच बोलला तो. पण चार माणसांनी ऐकलं ना. हॉस्पिटलात त्याने बापाला उचलून नेलं-आणलं, रात्रंदिवस बसला, आणि तरी दोघांच्यात 'पाणी पाहिजे का' आणि 'नको' यापलीकडे बोलणं झालं नाही.

आणि आता पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली होती. धर्मेश पहिल्यांदा तांडेल म्हणून निघणार होता. आमच्या घरात अशा वेळेचा एकच नेम आहे. नारळ, पूजा हे सगळं सगळ्यांसारखंच. पण नवा तांडेल पहिल्यांदा बोट काढतो तेव्हा जुन्याने स्वतःच्या तोंडाने 'सोड' म्हणायचं. आजोबांनी बाबांना असंच म्हटलं होतं. तेव्हा आजोबा आजारी होते, तरी बंदरापर्यंत चालत आले आणि तेवढा एक शब्द बोलून परत गेले. हा शब्द मिळाल्याशिवाय आमच्या घरातून कुणी पहिली बोट काढलेली नाही. बाबांना आता बंदरावर जाता येत नव्हतं, पण फोन होता की. धर्मेशने एक फोन करायचा, बाबांनी एक शब्द बोलायचा. एवढंच काम.

पण फोनच येईना.

बाबा माझ्याकडे आले त्या दिवसापासून फोन उशाशी ठेवून बसले होते. एरवी त्यांचा फोन म्हणजे नुसती कटकट. व्यापारी, सोसायटीवाले, बर्फवाला, जावयाच्या नोकरीसाठी शब्द टाका म्हणणारे, सगळे तांडेललाच फोन करणार. ते स्वतः मात्र कधी कुणाला लावत नसत. "फोन आपन करायचा नसतो," असं त्यांचं म्हणणं. "तांडेलला फोन येतात." अगदीच कुणाशी बोलायचं झालं तर बोटीवर "लाव रे" म्हणत आणि एखादा खलाशी आपल्या फोनवरून लावून देई. घरी आई तिच्या फोनवरून लावून देई. स्वतःच्या बोटाने नंबर दाबलेले बाबा मी जन्मात बघितले नव्हते.

आता तो फोन मुका झाला. बाबा आमच्या वायफायवर दिवसभर कुस्त्या बघायचे, मधेच कुस्ती थांबवून फोन उलटापालटा करायचे, आणि पुन्हा कुस्ती लावायचे. एक दिवस मला म्हणाले, "मानूस बोटीवरून उतरला का मेला." मी म्हटलं, "काहीतरी बोलू नका बाबा." पण मला आतून रडू येत होतं, कारण मलाही तसंच दिसत होतं. ज्या गावात हा माणूस राजासारखा फिरला, त्या गावातल्या एकालाही दोन मिनिटं वेळ नाही?

धर्मेशला मी माझ्या फोनवरून चांगलं झापलं. "बापाला एक फोन करता येत नाय तुला?"

"मी करतो," तो म्हणाला. "तेच फोन बंद ठेवतात."

माझ्या डोळ्यांसमोर बाबांच्या फोनवर कोल्हापूरचा कुणी पैलवान पाठीवर पडत होता. "धर्मेश, खोटा बोलू नको. फोन चालू हाय. मी बघते ना."

"मी खोटा? बरा. ठेव मंग." आणि ठेवला त्याने.

मग मी माझाच फोन बाबांच्या हातात द्यायला गेले, की घ्या, बोला एकदाचं. तर यांचं उत्तर, "ज्याला माज्याशी बोलायचा हाय, त्याच्याकडे माजा नंबर हाय." तिकडे आईने तोच प्रयत्न केला, तर धर्मेशचंही शब्दाला शब्द तेच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर दोन सुंभ होते आणि एकही जळायला तयार नव्हता.

बोट निघायची त्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. आई पालघरच्या बाजारात मासळी विकते. पण त्या दिवशी तिने टोपली उचललीच नव्हती. "दुपारच्या भरतीला निघतोय पोरगा," ती म्हणाली. "बर्फ भरतायत. तुज्या बापाला सांग." आमच्या खाडीच्या तोंडाशी गाळ इतका साचलाय की भरतीचं पाणी चढल्याशिवाय बोट बाहेर पडत नाही, आणि एकदा भरती उतरायला लागली की मग संपलंच. म्हणजे जे काय व्हायचं ते दुपारपर्यंतच.

मी बाबांना सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "जाऊ दे. त्याची बोट हाय." पण थोड्या वेळाने बघते तर अंगात धुतलेला पांढरा शर्ट, केस पाणी लावून विंचरलेले, आणि फोन समोर स्टुलावर ठेवून खुर्चीत ताठ बसलेले. कुस्त्या बंद. ताटातल्या भाताला हातही लावला नव्हता.  माझ्या बापाने असं कुणाची वाट बघत बसावं हे मला सहन होईना.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पुन्हा आई. मागे बंदरावरचा गलका, आणि आईचा आवाज असा की आधी मला वाटलं कुणी पाण्यात पडलं.

"जागू, तुजा बाप कुठे हाय?"

"इथे हाय, माज्या समोर."

"नक्की?"

"आई, तो गुडघा घेऊन जातील कुठे?"

"मंग त्याचा फोन आमच्या बोटीवर कसा वाजतो?"

झालं होतं असं. आईचाही शेवटी संयम सुटला. नवऱ्याला चार शब्द ऐकवावेत म्हणून तिने धक्क्यावरूनच त्यांचा नंबर लावला. समोर बोटीवर फोन वाजायला लागला आणि शैलेश नावाच्या आमच्या खलाशाने तो उचलला, "हॅलो, बोटीवरून शैलेश." आईला आधी वाटलं, बाबा लपूनछपून येऊन बोटीत चढलेत. तिने शैलेशला दरडावून विचारलं, कुठे लपवलाय त्यांना? तो बिचारा म्हणतो, "काकी, इथे कोन नाय. ह्यो तर बोटीचा फोन हाय."

बोटीचा फोन म्हणताच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाहेर खोल समुद्रात गेलं की बाकी सगळ्या कार्डांचं नेटवर्क जातं, एकाच कंपनीचं बऱ्याच अंतरापर्यंत टिकतं. म्हणून आमच्या बोटीवर त्या कंपनीच्या कार्डाचा एक फोन असतो. प्लास्टिकच्या पिशवीत घालून डोलकाठीला बांधलेला, म्हणजे उंचावर नेटवर्क धरतो. निघताना प्रत्येक खलाशी आपला नंबर त्या फोनवर वळवतो. दोन चांदण्या, एकवीस, पुन्हा चांदणी, बोटीचा नंबर आणि शेवटी जाळी, म्हणजे ते हॅशचं बटण. दाबलं की झालं. मग घरच्यांनी कुणालाही फोन केला तरी तो डोलकाठीवर वाजतो. परत आलं की जाळी जाळी एकवीस जाळी दाबून प्रत्येकाने आपला नंबर सोडवून घ्यायचा. ही पद्धत बाबांनीच घातलेली. आमच्या बोटीवरचा कुठलाही माणूस घरच्यांना कधी हरवला नाही, हे ते छाती पुढे काढून सांगायचे.

मे महिन्यात परत आल्यावर सगळ्यांनी आपापले नंबर सोडवले. तांडेलचा तेवढा राहिला. कारण असली बारीकसारीक कामं तांडेल स्वतःच्या हाताने करत नाही. ते काम दर वेळी धर्मेश करून द्यायचा. आणि त्या दिवशी फळीवरच्या त्या बोलण्यानंतर धर्मेश त्यांच्या फोनला काय, त्यांच्या सावलीलाही हात लावायला धजत नव्हता. मग बोटीचा फोन बंद होऊन पेटीत गेला तो आज सकाळी चार्ज होऊन बाहेर आला. पावसाळाभर तांडेलला आलेला प्रत्येक फोन त्या बंद पेटीवर जाऊन आपटत होता.

मला एकाच वेळी इतका राग आणि इतका आनंद झाला की काय करावं कळेना. माझा भाऊ खोटारडा नव्हता. माझ्या बापाला गाव विसरलं नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं, "तुमाला फोन येत होते. रोज येत होते. बोटीच्या पेटीत जात होते."

बाबांनी स्टुलावरच्या फोनकडे असं पाहिलं, जणू त्याने पगार घेऊन काम केलं नाही. मग सावकाश विचारलं, "कोनाकोनाचे?"

मी आईला स्पीकरवर टाकलं. आईला कधी काय बोलावं हे बरोबर कळतं. "बाकीच्यांचा मला नाय माहीत," ती म्हणाली. "पोराचा माहीत हाय. रोज दिवाबत्ती झाली का ओट्यावर जाऊन लावायचा. मंग आत येऊन मुकाट जेवायचा. मला वाटला, तुमीच मुद्दाम बंद ठेवलाय. म्हनून मी बी नाय बोलले तुमच्याशी."

 बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं होतं ते काढलं, पुन्हा लावलं.

मी फोन उचलला आणि जाळी जाळी एकवीस जाळी दाबलं. चक्र फिरलं, फिरलं, आणि अक्षरं आली: कनेक्शन समस्या किंवा अवैध एमएमआय कोड. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. वर कोपऱ्यात बारीकसं फोनचं चित्र आणि त्यातून निघालेला बाण दिसत होता, म्हणजे नंबर अजून वळवलेलाच. मी बाबांना दाखवलं.

"तो बाण मे महिन्यापासून हाय," बाबा म्हणाले. "मला वाटला, तांडेलच्या फोनला असतो."

आतल्या खोलीत माझा नवरा सुजीत रात्रपाळी करून झोपला होता. तारापूरच्या एका कारखान्यात तो मशिनांची मीटरं सांभाळतो, त्यामुळे घरातलं काहीही बिघडलं की आपणच त्यातले डॉक्टर असं त्याला वाटतं. मी त्याला हलवून उठवलं. त्याने डोळे न उघडता सांगितलं, "बंद करून चालू कर."

केलं. तेच. मग तो उठून बसला. विमानाचं चित्र दाबून नेटवर्क घालवलं, परत आणलं. तेच. फोर जी काढून टू जी लावलं. तेच. तोवर आईचा आवाज स्पीकरवरून, "पानी चढतंय हां. बाजूच्या बळवंतची बोट सुटली." सुजीतने कपाळाला आठ्या घालून नेटवर्कची सगळी सेटिंग पुसून टाकली, त्यात आमच्या वायफायचा पासवर्ड गेला आणि कोड तो तसाच अवैध.

"आता फॉरमॅट मारावा लागेल," तो म्हणाला.

"काय मारायचा?" बाबा.

"सगळं पुसून नव्यासारखा करायचा, बाबा."

"माजा फोन? त्यात सगळ्यांचे नंबर हायत." आणि बाबांनी हात पुढे केला, म्हणजे फोन परत दे.

तो मीच मधल्यामधे घेतला. सुजीतवर माझा जीव आहे, पण त्याला मशीन दिसतं, माणूस दिसत नाही. मी विचार केला, हा कोड म्हणजे तरी काय? आपण कंपनीला लावलेला फोनच ना? मग साधा फोन लागतो का ते बघू. बाबांच्या फोनवरून सुजीतचा नंबर लावला. तर तोही जाईना. म्हणजे खोट कोडात नव्हतीच. या फोनमधून काहीच बाहेर जात नव्हतं. कधीपासून जात नव्हतं ते देव जाणे, कारण हा फोन बाहेर कुणाला लावलाच नव्हता कधी.

मी कार्डांचं पान उघडलं. दोन कार्डं. पहिलं बाबांचं, सगळ्या गावाला पाठ असलेलं. दुसरं धर्मेशने कधीतरी फुकटच्या इंटरनेटसाठी टाकलेलं. त्याचा रिचार्ज केव्हाच संपला होता आणि नेटवर्कच्या जागी फुली. आणि खाली लिहिलेलं, कॉल दुसऱ्या कार्डावरून; कुस्त्या शोधताना बाबांचंच बोट लागून ते बदललं असणार. आम्ही इतका वेळ मेलेल्या कार्डाच्या दारावर कोड बडवत बसलो होतो.

मी पहिलं कार्ड निवडलं. जाळी जाळी एकवीस जाळी. चक्र फिरलं, आणि अक्षरं आली: कॉल फॉरवर्डिंग, सेवा बंद केली आहे. वरचा बाण गेला. मी सुजीतच्या फोनवरून बाबांचा नंबर लावला आणि तो खणखणीत वाजला. मला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं की काही विचारू नका.

"मी तेच बघणार होतो आता," सुजीत म्हणाला. म्हटलं, हो, बघ.

बाबांनी मात्र वेगळाच मुद्दा धरला. "म्हंजे माज्या फोनातून फोन जातच नव्हता?"

"नव्हता."

"मला कधी कळला नाय," ते म्हणाले, आणि त्यातही त्यांना अभिमानच वाटला. "गरजच नाय पडली."

मी आईला सांगितलं, सुटला नंबर, आता धर्मेशला म्हणावं पटकन लाव. आई गेली. बंदरावरचा वारा, इंजिनं, कुणाला तरी हाका. मग आई परत आली, आणि तिचा आवाज खाली गेलेला.

"नाय बोलतो."

"काय नाय?"

"बोलतो, पावसाळाभर मी लावला. आता मी नाय लावनार. सगळ्या बोटी सुटल्या, जागू. आमची एकटी राहिलीय. खलाशी बोंबलतायत, पानी फिरेल म्हनून. आन ह्यो नुसता सुकानूला धरून उभा हाय. सोडत बी नाय, फोन बी करत नाय."

खाण तशी माती. मला इतका संताप आला की मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले. आयुष्यात त्यांच्याशी वर तोंड करून बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. "ऐकलात? तुमचाच पोरगा हाय तो. त्याला बोट काढता येते, पन तुमच्या शब्दाशिवाय काढनार नाय. पानी उतरला तर पहिल्याच दिवशी बोट किनाऱ्याला राहील, आन गाव बोलेल, वामन तांडेलच्या पोराला बोट काढता नाय आली. ते चालेल तुमाला? तुमचा नंबर त्याने पावसाळाभर दाबला. तुमी त्याचा एकदा नाय दाबला."

सुजीत दारातच थिजला. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता काठी घेऊन उठतील. पण त्यांनी खिशातून चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि नाकावर ठेवला.

"धर्मेशचा नंबर काय हाय?"

त्यांना तो पाठ नव्हता. कधी गरजच पडली नव्हती. मी पुढे होऊन त्याचं नाव काढायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. "तू नको. मी लावतो. तू नुसते आकडे बोल."

मी एकेक आकडा सांगत गेले आणि ते एकेक दाबत गेले. दोरखंड ओढून ओढून रुंद झालेली बोटं. एकदा दोन आकडे एकत्रच दाबले गेले, मग सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. मला घाई झाली होती, पण मी मदत केली नाही. बाबांना असं काही शिकताना मी पहिल्यांदाच बघत होते आणि ते मला मोठं वाटलं, एखादी भरलेली बोट आणण्याइतकंच मोठं.

हिरवं बटण दाबून त्यांनी फोन कानाला लावला. मी वाकून स्पीकर चालू केला. धर्मेशचा नंबर तोवर डोलकाठीवर वळवलेला, म्हणून शैलेशने उचलला.

"हॅलो, बोटीवरून."

"तांडेलला दे," बाबा म्हणाले.

शैलेशला आवाज ओळखू आला. तो गोंधळला. "काका, पन तांडेल तर तुमीच..."

"शैलेश, तांडेलला फोन दे."

 तिकडे इंजीन धडधडत होतं. मग कुणीतरी पिशवी सोडल्याचा आवाज, आणि धर्मेश. "हां, बाबा."

 पावसाळाभराचं सगळं त्या दोन फोनांच्या मधे येऊन अडकलं होतं. मी मनात म्हणत होते, बोला हो कुणीतरी, पाणी थांबणार नाही.

"पानी किती हाय?" बाबांनी विचारलं.

"भरलाय. आता फिरेल."

"मंग थांबलास कशाला?"

"तुमी बोलला नव्हता," धर्मेश म्हणाला. त्याचा आवाज लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचा तसा झाला होता. "तुमी बोलल्याशिवाय कसा काढू?"

बाबांनी चष्मा काढला. "तांडेल कोनासाठी थांबत नाय, धर्मेश," ते म्हणाले. मग खुर्चीचा हात धरून उभे राहिले, व्यायामवाल्याने इतकं सांगूनही जे एकट्याने करत नव्हते ते केलं, आणि उभ्याने म्हणाले, "सोड."

तिकडून खलाशांची आरोळी आली. इंजिनाचा आवाज चढला. धर्मेश काहीतरी म्हणाला, ते वाऱ्यात गेलं. फोन कापायला तो विसरला, की मुद्दाम तसाच डोलकाठीला परत बांधला, हे मी त्याला पुढेही कधी विचारलं नाही. फोन चालूच राहिला आणि आमच्या बेटेगावच्या खोलीत आमची बोट चालायला लागली.

बाबांनी डोळे मिटले. मी खुर्ची पुढे सरकवली, पण ते बसले नाहीत. इंजीन एका सुरात वाजत होतं, त्यावर पाण्याचे फटके. बाबांची मान थोडी डावीकडे वळली, मग सरळ झाली. सुजीतने मला काहीतरी विचारलं, मी त्याला हाताने गप्प केलं. मला कळत होतं ते कुठे आहेत. खाडी मागे पडत होती, पुढे ते गाळाचं तोंड होतं, जिथे इंजीन चढं ठेवलं तर बोट रुतते आणि उगाच आधी उतरवलं तर प्रवाह तिला बाजूला नेतो. नेमकं कधी उतरवायचं हे कुणी कुणाला सांगू शकत नाही.

बाबांचा उजवा हात वर आला, तळवा खाली. तोंडातून शब्द नाही. आणि त्याच क्षणी तिकडे इंजिनाचा आवाज खाली उतरला.

हात तसाच हवेत राहिला. आम्ही तिघेही कान देऊन ऐकत होतो. बोट हळूहळू सरकत होती. मग बाबांनी तळवा उलटा केला, आणि इंजीन पुन्हा मोकळं सुटलं, मोठ्या पाण्यातलं, भरून आलेलं.

बाबांनी डोळे उघडले. ते ओले होते आणि ते पुसायची त्यांना गरज वाटली नाही.

"जागू, बघितलास ना," ते म्हणाले. "मी काय बोललो नाय हां त्याला."